मजला हलतो म्हणणारे काकाजी

अन्याय झाला तो इचोड्यातल्या बत्तीस बायांवर. याच श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी पावणेअकरा वाजता. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या या बाया रोजच्यासारख्या डबे घेऊन जिना चढल्या आणि वरच्या हॉलच्या दाराला नवं कुलूप दिसलं. आत त्यांची बत्तीस मशीन. कुणाचं माहेरून आलेलं, कुणी अंगावरचं सोनं मोडून घेतलेलं. इमारतीच्या मालकानं, शेटजींनी, खालच्या माणसाकडे निरोप ठेवला होता: "हॉलचा मजला हलत नाही असं लिहून द्या. बत्तीस सह्या करा. मग किल्ली न्या."

मजला हलतो. मी त्यावर उभा राहिलो आहे. तिथं बसून चहा प्यायलो आहे आणि कपातल्या चहावर गोल वळ्या उठताना पाहिल्या आहेत. तरी बायांनी लिहून द्यायचं. स्वतःच्या पायांना जे कळतं ते खोटं आहे, हे स्वतःच्या हातानं!

पत्रकं लिहिणं हे माझं काम. पत्रकाला माणूस चालत नाही, मागणी लागते. पण या भांडणाच्या मुळाशी एक म्हातारा आहे, आणि त्याच्याबद्दल बाजारात जे बोललं जातं, "येडा होता, थाळीत पाणी पाहून इमारती पास-नापास करत होता," ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून या वेळी माणूस आधी. मागणी शेवटी आहे. ती वाचल्याशिवाय कागद खाली ठेवू नका.

काकाजी माझे घरमालक. सारी उमर त्यांनी बांधकामावर देखरेख करण्यात घालवली: पूल, गोदामं, शाळेच्या खोल्या. नार्नूरकडच्या आमच्या गावातून मी इचोड्याला खोली शोधत आलो, तेव्हा त्यांनी मला जात विचारली नाही, कामधंदा विचारला नाही.

"वजन किती तुहं?"

"पंचावन्न असन."

"असन काऊन? मोजत नाई?" मग वर बोट दाखवून म्हणाले, "वर जा. खोलीच्या मंधात उभा राय. टाचा उचल, आन एकदम सोड. तीनदा. नाचू नको."

मी वर जाऊन टाचा आपटल्या. काकाजी खाली खाटेवर उताणे पडून छताकडे पाहत होते. छताच्या लाकडी वाशाला दोरा, दोऱ्याला लोखंडी नट. तो नट किती झुलतो आणि किती वेळ झुलतो, यावर भाडेकरू ठरायचा. खालून आवाज आला, "राय! म्हातारा होइस्तोवर राय!"

त्या दिवसापासून माझं काहीच खासगी उरलं नाही. सकाळी नळावर भेटले की विचारायचे, "काल डावा पाय काऊन ओढून राह्यला होता बे?" नव्या चपलेनं टाच सोलली होती. एकदा म्हणाले, "दोस्त आलते तुहे. तिघं. त्यातला एक जाडा हाये, त्याले सांग, बसाचं असन तं भिंतीजवळ बस. मंधात बसला का मले खाली जेवू वाटत नाई."

त्यांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी. तिच्यात उभ्या काठाची पितळी थाळी, पाण्याची बाटली, दोऱ्याचं रीळ, पोलादी पट्टी, आणि एक चीज ज्याला ते 'फणी' म्हणत. लाकडाच्या पट्टीवर लोखंड कापायच्या करवतीची पाती उभी ठोकलेली, एकाहून एक लांब. मजल्यावर ही फणी ठेवायची आणि कुणाला तरी चालायला लावायचं. मजला ज्या वेगानं थरथरतो त्या वेगाचं एकच पातं वेड्यासारखं नाचतं, बाकीची नुसती शहारतात. पात्याखाली खिळ्यानं आकडा कोरलेला. तो वाचायचा. एका सेकंदात एवढ्या थरथरी.

कुठंही जावोत, आधी थाळी. लग्नाच्या हॉलमध्ये पंगत बसायच्या आधी थाळी. बँकेच्या वरच्या मजल्यावर रांगेत उभं असताना थाळी. खिडकीतल्या उजेडाचा तुकडा पाण्यावरून भिंतीवर पडायचा, आणि मजला हलला की तो तुकडा भिंतभर पळायचा. लोक हसत. काकाजी हसणाऱ्यालाच चालायला लावत.

मुधोळला मुलीसाठी मुलगा पाहायला गेले होते. पोहे झाले, वरच्या मजल्यावरच्या नव्या खोलीत चहा आला. मुलाची बहीण ट्रे घेऊन चालत आली आणि कपाटातली काचेची भांडी किणकिणली. काकाजी उठले. खोलीच्या मधे गेले. टाचा उचलल्या, सोडल्या. भांडी पुन्हा किणकिणली. मुलाचा बाप, होणारा व्याही, पाहतच राहिला.

"काय झालं वो, इवाईबुवा?"

"अजून इवाई नाई झालो," काकाजी म्हणाले. "पोरगं चांगलं हाये. मजला खराब हाये. पोरीले खाली खोली देसान तं आज सुपारी फोडू."

लग्न झालं. खालच्या खोलीत राहते ती, सुखात आहे. पण त्या दिवशी काकूनं, त्यांच्या बायकोनं, परत येताना बसमध्ये तोंडावर पदर घेतला तो इचोडा येईपर्यंत काढला नाही, असं काकाजीच सांगत. काकू आता नाहीत.

त्यांचं एक बोलणं मला पाठ आहे. "इमारतीले दोन सवाल इचारा लागते. पडशीन का? हा पयला. हा सारेच इचारते, त्याचे कागदं निंगते, त्यावर शिक्के पडते. दुसरा कोणी इचारत नाई. बसू देशीन का? माणसाले बसू देशीन का, लिवू देशीन का, निजू देशीन का?" मोडणं वेगळं आणि हलणं वेगळं, असं ते म्हणत. हजार वर्षं न पडणारा मजलाही माणसाला आजारी करू शकतो.

हे त्यांना कुठून कळलं? एकदाच बोलले. तरुणपणी कामाच्या जागी त्यांना लोखंडी गर्डरवर फळ्या ठोकलेलं वरच्या मजल्यावरचं घर मिळालं होतं. काकूला तिथं चक्कर यायची, पोटात ढवळायचं. वैद्य झाले, डॉक्टर झाले, अंगारे झाले. मग यांनी ठरवलं, ही नाटक करते, हिला सासरी जायचं नाही, गावी जायचं नाही, कामच करायचं नाही. दोन वर्षांनी खालचं घर मिळालं आणि आठ दिवसांत बाई बरी झाली. "दोन वर्स मी तिले खोटारडी म्हनलो," ते मला म्हणाले. "खोटारडा मजला होता."

आता हॉलकडे येतो.

सुनंदामावशी या बत्तीस जणींच्या पुढारी. नवरा भाजी पिकवतो, त्या बाजारात विकत आणि उरलेल्या वेळात शिवत. गणवेशाचं मोठं काम मिळालं, एकत्र बसायला जागा हवी होती. नागपूर-हैदराबाद रस्त्याला लागून शेटजींची नवी इमारत: खाली त्यांचंच ट्रॅक्टरचं शोरूम, वर लांबलचक हॉल. माघ महिन्यात मावशी काकाजींना घेऊन हॉल पाहायला गेल्या. मीही होतो. काकाजींनी थाळी ठेवली, आम्हाला चालवलं, टाचा आपटायला लावल्या. पाण्यावर रेघ नाही. फणीचं एक पातं नीट हललं नाही.

"घ्या," काकाजी म्हणाले. "मजला मेल्यावाणी निपचित हाये. डोये मिटून घ्या."

बायांनी त्यांच्या शब्दावर वर्षाचा करार केला. त्यात मी साक्षीला आहे.

आणि इथं काकाजी चुकले. कसे चुकले, ते आमच्या भागातल्या माणसालाच कळेल. त्या दिवशी हॉलमध्ये कापूस होता. शेटजींनी तीनातले दोन-अडीच भाग हॉल भावाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांना कापूस टाकायला दिला होता. छातीइतका ढीग, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आम्ही उरलेल्या पट्टीत फिरलो. पण माघात आमच्याकडे कुठल्या खोलीत कापूस नसतो? बैठकीत असतो, देवघराबाहेर असतो, पोरं त्यावरच झोपतात. तो आम्ही सामानात धरतच नाही. भिंत जशी भिंत, तसा माघात कापूस. काकाजींच्या डोळ्यांनी तो पाहिला आणि डोक्यानं सोडून दिला.

पाडव्याच्या आधी कापूस विकला गेला. हॉल रिकामा झाला. बायांनी मशीन लावली.

पहिल्या आठवड्यात सुया तुटल्या. दुसऱ्या आठवड्यात कापणाऱ्या बाया म्हणू लागल्या की खडूची रेघ सरळ येत नाही. मधल्या रांगेतल्या दोघींना दुपारी मळमळायचं. कपड्यांचा गठ्ठा घेऊन एक बाई लगबगीनं हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला गेली की मधे बसलेल्या बाया मशीनचं चाक धरून थांबायच्या, ती पोचेपर्यंत. कॉलरी वाकड्या झाल्या. पंधरवड्याचा माल परत आला, वर चिठ्ठी: शिवणारणी नवशिक्या आहेत.

नवशिक्या! त्यातल्या निम्म्या जणींनी अर्ध्या इचोड्याची पोलकी शिवली आहेत.

बायांनी शेटजींना सांगितलं. शेटजींनी भिंतीवर कागद चिकटवला: 'हळू चालावे.' मग बायांनी कार्यालयात दरख्वास्त दिली. कोणत्या कार्यालयात ते लिहीत नाही, येत्या सोमवारी कळेलच. तिथल्या साहेबांनी वाचलं: मजला हलतो, चक्कर येते. शेवटचे शब्द वाचले, पहिले सोडून दिले की काय देव जाणे. त्यांनी मजला पाहायला माणूस पाठवला नाही. बायांची तपासणी ठेवली. बत्तीस जणींचं रक्त घेतलं आणि लोहाच्या गोळ्या वाटल्या. मजला हलतो म्हणून तक्रार केलेल्या बायांना गोळ्या! त्या रांगेत सुनंदामावशी मला म्हणाल्या, "बाबू, ह्या गोया त्या गर्डरले चारा न. लोहा तं त्याच्यात कमी हाये."

गोळ्यांची गोष्ट मी काकाजींना सांगितली. ते जेवत होते. ताट बाजूला सारलं, हात धुतला, पिशवी उचलली. "चाल," एवढंच म्हणाले.

या खेपेला ते वर गेले नाहीत. आधी खाली शोरूममध्ये गेले. छताखालचे गर्डर उघडेच होते. इमारत बांधताना शेटजींना शोरूमच्या मधे एकही खांब नको होता, ट्रॅक्टर मोकळे दिसले पाहिजेत, वळले पाहिजेत. म्हणून गर्डर बत्तीस फूट लांब, मधे टेकू नाही, वर पत्रा, पत्र्यावर चार बोटं काँक्रीट. काकाजींनी मला शिडीवर चढवलं, गर्डरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणायला लावला आणि मधे गर्डर दोऱ्यापासून किती खाली आला आहे ते पट्टीनं मोजायला लावलं.

"सोळा मिलिमीटर," मी म्हणालो.

"सोयाचं वर्गमूळ?"

"चार."

"अठराले चारनं भाग. अठरा ठरलेलाच असते."

"साडेचार."

"एका सेकंदात साडेचार थरथरी. छत किती झोकलं ते सांग, ते किती हालन ते मी सांगतो. वर जाऊन पाहाची गरज नाई." तरी त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर 'साडेचार' लिहिलं, घडी घातली आणि वर जाऊन सुनंदामावशींच्या मुठीत दिलं. "उघडू नको व माय." मग फणी हॉलच्या मधे ठेवली. एका बाईला गठ्ठा देऊन म्हणाले, "रोज चालतं तशी चाल. माह्याकडे पाहू नको."

ती चालली. पातं नाचलं. मावशींनी वाकून आकडा वाचला, मूठ उघडली. साडेचार.

बायांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपल्या चक्करेला आकडा आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"पर मी तं एकटी चालून राह्यली काकाजी," गठ्ठेवाली म्हणाली. "एवढा मोठा मजला माह्या पायानं कसा हालन?"

"झोक्याले धक्का किती मोठा द्या लागते?"

"थोडासाच. येळेवर द्या लागते."

"दर खेपेस द्या लागते का?"

"एक खेप सोडून दिला तरी चढते."

"हाव न! गठ्ठा घेऊन घाईनं चालणारी बाई सेकंदाले सव्वादोन पावलं टाकते. मजला साडेचार खेपा हालते. एक सोडून एक खेपेले तुहं पाऊल पडते. तू चालून नाई राह्यली, तू झोका देऊन राह्यली."

मग ते हॉलच्या मधोमध उभे राहिले, जिथं माघात कापूस होता. पिशवी खाली ठेवली. टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय त्याआधी पाहिलं नव्हतं.

"बायांनो, मी कापूस पास केला. मजला नाई केला. कापूस दबते, सरकते, घासते. मजल्याची थरथर थो पिऊन टाकते. मी पाणी पाह्यलं, कापूस नाई पाह्यला. चूक माही हाये. तुमी माह्या भरोशावर सह्या केल्या."

मावशी पुढे आल्या. "मंग आता काय करावं? कापूस भरून त्याच्या मंधात शिवत बसावं?"

"बसा. मजला हालणार नाई. तुमाले खोकला होईन."

तेव्हा कुठं बाया हसल्या. काकाजींनी टोपी घातली आणि कामाला लागले. कापायचं मोठं टेबल भिंतीलगत नेलं, कारण गर्डरच्या टोकापाशी मजला कमी हलतो. चालायची वाट भिंतीच्या कडेनं आखली. तयार कपड्यांचे गठ्ठे मधे रचले. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. "हे सारं पट्ट्या बांधनं हाये," ते म्हणाले. "हाड बसवाले खालून टेकू पायजे."

आणि टेकू त्यांनी दिला! हे मी ठासून लिहितो, कारण कागदावर हे कुठंही नाही. शोरूम बंद असायच्या एका दिवशी, तिथल्या रखवालदाराला पटवून, त्यांनी मधल्या गर्डरांखाली एक आडवा वासा आणि वाशाखाली दोन जाड बल्ल्या उभ्या केल्या, पाचरी मारून घट्ट बसवल्या. वर गेलो. गठ्ठेवाली चालली. फणी मुकी. थाळीतलं पाणी आरशासारखं. त्या दिवशी बत्तीस जणींनी संध्याकाळपर्यंत शिवलं. एक सुई तुटली नाही, एक कॉलर वाकडी गेली नाही. मधल्या रांगेतली मळमळणारी पोरगी दुपारी पोटभर जेवली आणि दुसरीच्या डब्यातलं लोणचंही मागून घेतलं. लोहाच्या गोळ्या न घेता.

दुसऱ्या दिवशी शेटजींनी बल्ल्या काढायला लावल्या. "मंग ट्रॅक्टर कुठून वळवू? तुमच्या डोक्यावरून?"

काकाजी म्हणाले, "शेटजी, पक्के खांब घातले तर हातभर जागा जाईन. जागा आखून देतो. ट्रॅक्टर वळवूनच दाखवतो."

"तुमीच सांगितलं होतं न मजला निपचित हाये म्हणून? साऱ्या गावात सांगतो मी, काकाजीनं पास केला."

हाच मुद्दा साहेबांसमोर आला. कार्यालयातला तो दिवस मी विसरणार नाही. साहेब तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलत. पंख्याखाली बसले होते. शेटजी त्यांच्या शेजारी खुर्चीत, बाया दारात उभ्या.

"आपनेही बोला था ना, फ्लोअर ठीक है?"

"बोला था साब. गलत बोला था."

"तो आज जो बोल रहे वो सही है, इसका क्या भरोसा?"

शेटजी हसले. एक कारकूनही हसला. काकाजींनी पिशवीतून थाळी काढली, साहेबांच्या टेबलासमोर खाली ठेवली, पाणी ओतलं आणि कारकुनाला चालायला सांगितलं. पाणी हललं नाही.

"ये फ्लोअर अच्छा है साब," काकाजी म्हणाले. "इसीलिए आपको मालूम नहीं. मेरा भरोसा मत करो. चलो, पांच मिनट का रास्ता है. मुआयना करो. बीच में खडे रहो."

"टाइम नहीं है. आपका सर्टिफिकेट किधर है? किस मशीन से नापा? ये थाली से?" साहेबांनी 'थाली' हा शब्द असा उच्चारला की जणू कोणी त्यांच्या टेबलावर उष्टं ठेवलं आहे. "मशीनवाली रिपोर्ट लाओ."

मशीनवाला शहरातून बोलवावा लागतो, आणि तो बोलवायचं काम कार्यालयाचं की शिवणाऱ्या बायांचं, हे मी विचारलं. साहेबांनी घंटी वाजवून पुढच्याला आत बोलावलं. काकाजी थाळीतलं पाणी बाटलीत परत भरत होते.

परत येताना रस्त्यावर ट्रकांची धूळ. मी साहेबांना शिव्या घालत होतो. काकाजी म्हणाले, "शिव्या देऊन काय होते बे? थो खुर्चीत बसून राह्यला, आन खुर्ची हालत नाई. त्याचा दोष एवढाच, का थो उठला नाई." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "माहाही तोच दोष होता. दोन वर्स."

आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात काकाजी गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. मुलगी मुधोळहून आली तेव्हा अंगणात बत्तीस बाया बसल्या होत्या. तिला वाटलं आपण दुसऱ्याच्या घरी आलो. फणी मुलीनं मला दिली. थाळी ती घेऊन गेली, सासूच्या मजल्यावर ठेवायला, असं म्हणून रडता रडता हसली.

दहा दिवसांनी मी कार्यालयातून मिसलीची, म्हणजे तक्रारीच्या फायलीची, नक्कल काढली. शेवटच्या पानावर तीन ओळी. मजल्याबद्दलचा तक्रारदारांचा एकमेव जाणकार साक्षीदार मयत. त्याचे पूर्वीचे म्हणणे मजला ठीक असल्याचे. सबब तक्रार निराधार, मिसल बंद. खाली सही, शिक्का.

म्हातारा मेला म्हणून मजला हलायचा थांबला! असं लिहायला शिकायला किती शिकावं लागतं?

आणि बघा, कार्यालयानं काकाजींचं कोणतं म्हणणं ठेवलं आणि कोणतं टाकलं. ज्या माणसानं भर हॉलमध्ये टोपी काढून, मी चुकलो, असं म्हटलं, त्याची चूक तेवढी पुरावा म्हणून उचलली. कबुली फेकून दिली. या साऱ्या प्रकरणात स्वतःची चूक मान्य करणारा एकच माणूस होता, आणि खोटा ठरला तोच.

नक्कल शेटजींनाही मिळाली. त्यानंतर चौथ्या दिवशी तो सोमवार, ते कुलूप, तो निरोप. बाया आता घरी बसल्या आहेत. मशीन आत आहेत. गणवेशाचं काम दुसऱ्यांना द्यायची बोलणी चालू आहेत. सात जणी सही करायला तयार झाल्या आहेत. मी त्यांना बोल लावणार नाही, तुम्हीही लावू नका. मशीन अडकलेल्या बाईला तत्त्व शिकवायचं नसतं. सुनंदामावशींनी मात्र काल सांगितलं, "मी सही नाई करणार. माह्या पायाले इचारून सांगतो म्हणा शेटजीले." पण एकट्या मावशी किती दिवस टिकतील?

म्हणून मागणी. शेटजींकडे नाही, साहेबांकडे नाही. हे वाचणाऱ्या तुमच्याकडे.

साक्षीदार मेला म्हणून मिसल बंद होत असेल, तर जिवंत साक्षीदार उभा राहिला की ती उघडली पाहिजे. त्याला शिक्षण लागत नाही, मशीन लागत नाही, दोन पाय लागतात. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता बसस्थानकासमोर या. तिथून कार्यालयात जायचं आहे. घरूनच एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून आणा: 'मी जिवंत आहे. कुलूप उघडा, मला त्या मजल्यावर उभं करा, आणि माझा जबाब घ्या.' खाली नाव लिहा, गाव लिहा. उद्या नको, आत्ता लिहा.